निळ्या टोप्यांच्या मागावर: डब्लिन, कुरा आणि अ‍ॅथलोन

आयर्लंडहून आलेल्यांच्या फोटोंत मोहरचे कडे, गिनेसचा ग्लास आणि मेंढ्या ठरलेल्या असतात. आम्हीही ते सगळं केलं, पण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. हे लिखाण त्याच सहलीतल्या एका आडवाटेबद्दल आहे: संयुक्त राष्ट्रसंघाच्या निळ्या टोप्या घालून परदेशी गेलेल्या आयरिश शांतिसैनिकांच्या खुणा शोधण्याबद्दल. ही वाट आम्हाला भाच्याच्या शेजाऱ्याने दाखवली.

भाचा डब्लिनच्या उपनगरात राहतो. पलीकडच्या घरातले गृहस्थ लष्करातून निवृत्त झालेले. तिकडे सगळे एकमेकांना सरळ नावाने हाक मारतात, ते माझ्या तोंडून काही निघेना. वयाने ते माझ्याहून फार मोठे नसतील, तरी मी आपली 'आजोबा' म्हणू लागले आणि घरात सगळ्यांनी तेच उचललं. आमच्या ह्यांना कुंपणाशी उभं राहून गप्पा मारायची जन्मजात सवय. पोचलो त्याच संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "नोकरी कुठेकुठे झाली?" आजोबा म्हणाले, "निम्मी इथे, निम्मी लेबमध्ये." लेब म्हणजे लेबनॉन. पन्नास लाखांहून थोडी जास्त वस्ती, म्हणजे पुणे-पिंपरीहून कमी माणसं असलेला हा तटस्थ देश. त्याचा शिपाई दक्षिण लेबनॉनमध्ये काय करत होता, हा प्रश्न ह्यांना रात्रभर पुरला. सकाळी आजोबांनी एका पाकिटाच्या पाठीवर चार ठिकाणं लिहून दिली.

थोडी पार्श्वभूमी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आयर्लंड डिसेंबर १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात गेलं. १९५८ मध्ये त्यांचे पन्नासेक अधिकारी निरीक्षक म्हणून लेबनॉनला गेले. तेव्हापासून आजपर्यंत असा एकही दिवस गेलेला नाही, की जगात कुठल्या ना कुठल्या शांतिमोहिमेवर आयरिश माणूस नव्हता. अख्खं सैन्यदल, वायुदल आणि नौदल धरूनही, आज साडेसात हजारांच्या आसपास आहे.

शुक्रवार: कॉलिन्स बॅरक्स

लुआस ट्रामच्या लाल मार्गावर 'म्युझियम' नावाचाच थांबा आहे, त्यामुळे चुकायला वाव नाही. कॉलिन्स बॅरक्स ही अठराव्या शतकाच्या सुरुवातीची छावणी. दोन शतकं ब्रिटिशांची, १९२२ नंतर आयरिश सैन्याची आणि १९९७ पासून राष्ट्रीय संग्रहालय. प्रवेश फुकट. मधला चौक एवढा मोठा आणि मोकळा, की वाऱ्यात माझी ओढणी दोनदा समोरच्या बाईंच्या तोंडावर गेली. मे महिना होता, ऊनही होतं, पण इथलं ऊन नुसतं दिसण्यापुरतं. विंडचीटर हॉटेलवर किंवा घरी ठेवून निघू नका, आकाश कितीही निळं असलं तरी.

आत आयरिश सैनिकांचं मोठं दालन आहे, १५५० पासून आजपर्यंतचं. बघता बघता लक्षात येतं, की या माणसांनी चार शतकं बहुतेक दुसऱ्यांच्याच लढाया लढल्या. फ्रान्सच्या, स्पेनच्या, अमेरिकेच्या, आणि सगळ्यात जास्त इंग्रजांच्या. आपल्याकडे १८५७ नंतरच्या गोऱ्या पलटणींत किती आयरिश होते हे आपल्याला माहीत असतं, पण ते 'गोरे' या एकाच खात्यात जमा. शांतिसेनेचा भाग त्या मानाने लहान वाटला. मला तो आणखी मोठा हवा होता, कारण स्वतःच्या झेंड्याखाली परदेशी जाणं हीच तर इथली नवी गोष्ट.

ती नवी गोष्ट सुरू झाली जुलै १९६० मध्ये. बेल्जियमने काँगो सोडला, देश महिनाभरात पेटला आणि संयुक्त राष्ट्रसंघाने सैन्य मागितलं. आयर्लंडने आपली पहिली अख्खी बटालियन, ३२वी, अमेरिकी ग्लोबमास्टर विमानांत बसवून पाठवली. विषुववृत्तावर निघालेल्या या पोरांच्या अंगावर जाड लोकरीचे गणवेश होते. सैनिक त्या कापडाला 'बुल्स वूल' म्हणत. पायात खिळ्यांचे बूट आणि हातात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या ली-एनफील्ड बंदुका. बहुतेकांनी आयुष्यात पहिल्यांदा विमान पाहिलं ते त्यात चढताना. आमचे हे म्हणाले, "वैशाखात विदर्भात ब्लँकेट पांघरून परेड करायला लावल्यासारखं झालं."

मागच्या बाजूने पाच मिनिटं चालत गेलं की आर्बर हिल. इंग्रजांविरुद्धच्या १९१६ च्या बंडाबद्दल गोळ्या घातलेल्या चौदा पुढाऱ्यांची सामुदायिक कबर इथे आहे. पर्यटकांचे गट येतात, भिंतीवर कोरलेला जाहीरनामा वाचतात आणि निघतात. त्याच आवारात एक दार आहे, ते शांतिसेनेतल्या माजी सैनिकांच्या संघटनेच्या घराकडे आणि स्मृतिबागेकडे नेतं. पाकिटावर आजोबांनी या दाराचं चित्रच काढून दिलं होतं, नाहीतर आम्हीही पुढे गेलो असतो. बागेत एक वयस्क गृहस्थ गुडघ्याखाली पोतं घेऊन वाफ्यातलं तण काढत होते. भारतातून आलोय म्हटल्यावर उभे राहिले, मातीचा हात पँटला पुसला आणि ह्यांच्याशी हात मिळवत म्हणाले, "काँगोत तुमचे गुरखे होते. बरोबर लढले आमच्या." मग लगेच मला म्हणाले, "ती कडेची रोपं तुडवू नका हं, आत्ताच लावलीत."

संयुक्त राष्ट्रसंघाच्या कामावर असताना आतापर्यंत ऐंशीहून अधिक आयरिश सैनिक मरण पावले. त्यांपैकी ४८ एकट्या लेबनॉनमध्ये, २६ काँगोमध्ये. भारताचा आकडा जवळपास १८० आहे, जगात सर्वांत जास्त. काँगोतच ५ डिसेंबर १९६१ ला कॅप्टन गुरबचनसिंग सालारिया पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. शाळेत आपण परमवीरांची यादी पाठ केली, पण ते आफ्रिकेत, कुणाच्या भांडणात, कुणाबरोबर लढत होते, हे मला डब्लिनमधल्या एका माळीकाम करणाऱ्या माणसाशी बोलताना कळलं.

शनिवार: ग्लासनेव्हिन

दफनभूमी बघायला सकाळी सकाळी निघालो म्हटल्यावर भाचेसून म्हणाली, "मावशी, खरेदीला जाऊ या की!" पण ग्लासनेव्हिन ही साधी दफनभूमी नाही. मायकेल कॉलिन्स, डी व्हॅलेरा, ओ'कॉनेल, सगळा आयरिश इतिहास इथे आडवा झाला आहे. ओ'कॉनेलच्या थडग्यावरचा मनोरा ५५ मीटर उंच आहे. जिना चढायचा असेल तर वेगळं तिकीट काढावं लागतं. माझ्या गुडघ्यांनी नकार दिला, हे चढून आले आणि दिवसभर त्याबद्दल बोलत राहिले.

आपल्या दृष्टीने इथे दोन जागा. पहिली कॉनॉट रेंजर्सची. १९२० मध्ये जालंधरला या पलटणीतल्या आयरिश शिपायांनी, गावाकडे इंग्रजांनी मांडलेल्या अत्याचाराच्या बातम्या ऐकून, हुकूम मानायला नकार दिला. बंड सोलनला पसरलं, तिथे पुढाकार घेतलेल्या जेम्स डालीला डगशाईच्या तुरुंगात गोळी घातली. १९७० मध्ये भारतातून त्यांचे अवशेष परत आणले. डाली त्याच्या गावी गेला, बंडात मारले गेलेले बाकीचे दोघे, सिअर्स आणि स्मिथ, इथे आहेत.

दुसरी जागा काँगोच्या सैनिकांची. नकाशा कार्यालयात मिळतो, तरी विचारून घ्या, आम्ही तीन फेऱ्या मारल्या. इथे निएम्बाचे जवान आहेत. ८ नोव्हेंबर १९६० रोजी लेफ्टनंट केविन ग्लीसन अकरा जणांची गस्त घेऊन निएम्बा गावाजवळच्या मोडलेल्या पुलाशी गेला आणि तिथल्या बालुबा जमातीच्या लोकांनी बाण आणि भाल्यांनी हल्ला केला. नऊ मेले, दोघे वाचले. वर्षानुवर्षं ही गोष्ट 'रानटी लोकांनी मारलं' एवढीच सांगितली गेली. बालुबांची बाजू अशी, की कटांगा हा खनिजसंपन्न प्रांत काँगोपासून फोडून वेगळा केला होता, त्याच्या सैन्यात गोरे भाडोत्री होते आणि ते सैन्य बालुबांची गावं जाळत फिरत होतं. हिरव्या गणवेशातले गोरे दिसले म्हणजे तेच, असं त्यांनी धरलं. ग्लीसन त्यांच्याशी बोलायला पुढे झाला होता, असं वाचलेल्यांनी सांगितलं.

ट्रूपर अँथनी ब्राउनचा मृतदेह त्या दिवशी सापडला नाही, दोन वर्षांनी सापडला. त्याला मरणोत्तर मिळालेलं शौर्यपदक हे या देशाने दिलेलं अशा प्रकारचं पहिलं पदक. तेव्हाच्या अंत्ययात्रेला डब्लिनच्या रस्त्यांवर लाखांनी माणसं उभी होती. दगडावरची वयं वाचली की तीशी ओलांडलेले कमीच.

थडग्यांजवळ एक बाई फुलं बदलत होत्या. कुणी नात्यातलं का, असं विचारलं. "नाही हो, माझी आई शेजारच्या रांगेत आहे. येतेच आहे तर यांचीही पाणी-फुलं बघते." एवढं बोलून त्या झाऱ्याने पाणी घालू लागल्या.

दफनभूमीच्या भिंतीला चिकटून कॅव्हना यांचं १८३३ पासूनचं पब आहे, सगळे त्याला 'ग्रेव्हडिगर्स' म्हणतात, कबर खणणारे इथे यायचे म्हणून. टीव्ही नाही, संगीत नाही, फक्त माणसांच्या बोलण्याचा आवाज. ह्यांनी कॉडल मागवलं: सॉसेज, बेकन आणि बटाटे पांढऱ्या पाण्यात उकडलेले. रंग बघून मी तोंड फिरवलं, पण हे म्हणतात चव चांगली, मिरी हवी होती. मी अर्धा पाइंट गिनेस घेतला आणि चीजचं सँडविच. शाकाहारी असाल तर सूप मागवताना कशात उकळलंय ते विचारा, भाज्यांच्या सुपातही चिकनचा स्टॉक निघतो.

परतताना मेरियन स्क्वेअरमध्ये उतरलो. तिथे कामावर मरण पावलेल्या सैनिकांचं राष्ट्रीय स्मारक आहे, २००८ चं. काच आणि दगडाचा लहानसा पिरॅमिड, आत ज्योत आणि चार ब्राँझचे सैनिक. जवळच ऑस्कर वाइल्डचा रंगीत पुतळा आहे आणि त्याच्यासमोर फोटोसाठी रांग. पिरॅमिडजवळ आम्ही दोघंच.

रविवार: पाऊस आणि आजोबांची बैठक

सकाळपासून धो धो. तिकडचा पाऊस बहुतेक वेळा नुसता भुरभुरतो, पण त्या दिवशी त्याने कोकण गाठलं. आजोबांनी चहाला बोलावलं. स्कोन, लोणी, जॅम आणि आपल्यासारखाच कडक दुधाचा चहा. तिकडच्या सबंध मुक्कामात असा चहा मला फक्त आयरिश घरांत मिळाला, कॅफेत नाही.

पहिल्यांदा लेबला गेले तेव्हा ते वीस वर्षांचेही नव्हते. १९७८ मध्ये इस्रायलने दक्षिण लेबनॉनमध्ये घुसून ठाण मांडलं आणि युनिफिल ही मोहीम उभी राहिली. आयरिश तुकडीच्या वाट्याला तिबनीन नावाचं डोंगरावरचं गाव आणि आजूबाजूच्या टेकड्या आल्या. मी धरून चाललेले, लेबनॉन म्हणजे वाळवंट. आजोबा हसले. "बाई, जानेवारीत तिबनीनला बर्फ पडतं. चौकीत पॅराफिनचा स्टोव्ह आणि खाली पावसाचं पाणी." गोळाफेक सुरू झाली की रेडिओवर 'ग्राउंडहॉग' अशी हाक यायची आणि सगळे वाळूच्या पोत्यांच्या खोलीत. तिथे पत्ते खेळत बसायचं. "कंटाळा हा आमचा मुख्य शत्रू होता," असं म्हणून त्यांनी आणखी एक स्कोन माझ्या ताटलीत ठेवला.

प्रत्येक चौकीबाहेर मिंगी दुकान असायचं. मिंगी म्हणजे स्थानिक दुकानदार: घड्याळं, कॅसेट, सोनं, चपला, सगळं विकणारा आणि आयरिश शिव्या आयरिश उच्चारात देणारा. तिबनीनची पोरं याच सैनिकांकडून इंग्रजी शिकली. त्यातली काही आज म्हातारी होत आली आहेत आणि फोनवर ऐकलं तर आयर्लंडच्या वेस्टमीथ परगण्यातला माणूस वाटावा. गावातल्या अनाथाश्रमासाठी सैनिक पगारातून पैसे काढत. लेबनॉनमध्ये आयरिश सैनिकांनी केलेल्या फेऱ्या ३० हजारांच्या घरात जातात. माणसं तीच, पुन्हा पुन्हा तिथेच. आजोबांच्या मते त्यांच्या सैन्याचं बळ यातच होतं: "अमेरिकन येतो तेव्हा तोफा आणतो. आम्ही गेल्या वेळची ओळख घेऊन जायचो."

ह्यांनी सरळ विचारलं, "पण का जायचात? तुमचा संबंध काय?" आजोबांनी जरा वेळ घेतला नाही. परदेशी भत्ता चांगला असे, या घराच्या डिपॉझिटचे पैसे लेबमधून आले. इथे बराकीत पहारे देण्यापलीकडे काम नसे. आणि तिसरं म्हणजे, इंग्रजांच्या ताब्यात राहिलेल्या देशाचा माणूस आहे म्हटलं की नाक्यावरचा बंदूकधारी निदान ऐकून तरी घ्यायचा. मला त्यांचा हा क्रम आवडला. भाषणात तिसरं पहिलं आलं असतं.

मग सूर बदलला. एप्रिल १९८० मध्ये अत-तिरी गावात इस्रायलच्या पाठिंब्यावरच्या मिलिशियाने त्यांना अडवलं. त्या चकमकीत स्टीफन ग्रिफिन गेला, मदतीला आलेला एक फिजीचा सैनिकही गेला. फिजी तर लोकवस्तीने आयर्लंडच्या पाचव्या हिश्शाहूनही लहान देश. काही दिवसांनी बॅरेट आणि स्मॉलहॉर्न या दोघांना रस्त्यातून पळवून नेऊन मारलं. पुढच्या वर्षी, २७ एप्रिल १९८१ ला, एका निरीक्षण चौकीवरच्या दोघांवर हल्ला झाला. ह्यू डोहर्टीचा मृतदेह मिळाला. केविन जॉइस, अरन बेटांतल्या सर्वांत लहान बेटावरचा, आयरिश भाषेत वाढलेला मुलगा, आजतागायत सापडलेला नाही. आजोबांनी त्याचं नाव घेताना उठून किटली पुन्हा गॅसवर ठेवली, ती भरलेलीच होती.

या संपूर्ण मोहिमेला आता मुदत आहे. सुरक्षा परिषदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ठरवलं, की युनिफिलचं काम ३१ डिसेंबर २०२६ ला संपेल. डिसेंबर २०२२ मध्ये शॉन रूनी हा तरुण शिपाई विमानतळाकडे जाताना अल-अकबियामध्ये गोळीबारात गेला, त्याच्या खटल्याच्या बातम्या आजोबा अजूनही कापून ठेवतात.

मंगळवार: कुराची मैदानं

सोमवार कपडे धुण्यात आणि भारतीय दुकानातून पोहे आणण्यात गेला. मंगळवारी आजोबांनी स्वतःच गाडी काढली. डब्लिनच्या नैर्ऋत्येला तासाभरावर किल्डेअर परगण्यात कुरा आहे. हजारो एकर उघडं गवताळ माळरान, कुंपण नाही, मेंढ्या रस्त्यात, त्यांच्या पाठीवर मालकांचे निळे-तांबडे रंगाचे पट्टे. मे महिन्यात इथे फर्झची काटेरी झुडपं पिवळीधमक असतात. गाडीतून उतरले आणि मला खोबऱ्याचा वास आला. खरंच, ओल्या नारळाचा! मी इकडेतिकडे बघत राहिले, आजोबांनी एक फांदी तोडून नाकाजवळ धरली तेव्हा पटलं. बोटाला काटा टोचला, पण ते फूल मी वहीत ठेवलं आहे.

माळाच्या मधोमध लाल विटांची छावणी. ब्रिटिशांनी बांधली, १६ मे १९२२ ला आयरिश सैन्याच्या ताब्यात आली. इथेच १९९३ पासून शांतिसैनिकांची प्रशिक्षण शाळा आहे, तिथे इतर देशांचे अधिकारीही शिकायला येतात. ती बाहेरून बघायची. लष्करी संग्रहालय मात्र सगळ्यांना खुलं आहे आणि फुकट. वेळा बदलतात, निघण्याआधी फोन करा. सार्वजनिक वाहनाने यायचं तर न्यूब्रिजपर्यंत रेल्वे आणि पुढे टॅक्सी. आम्ही जिच्या भरवशावर परत येणार होतो ती बस आलीच नाही, अशी एका जोडप्याची तक्रार तिथे ऐकली, आजोबांनी त्यांनाही गाडीत घेतलं.

संग्रहालयात आजोबा बोलायचे कमी आणि थांबायचे जास्त. शांतिसेनेच्या कामाबद्दल मला इथे जे नीट कळलं ते हे: बटालियन जाण्याआधी आठवडेच्या आठवडे सराव चालतो, शेवटची परीक्षा विकलो डोंगरातल्या ग्लेन ऑफ इमालमध्ये. नाक्यावर गर्दी जमवणारे, आरडाओरडा करणारे, गाडीपुढे आडवे पडणारे गावकरी म्हणून माणसं उभी केली जातात. गोळी न चालवता ते कसं सोडवायचं, हे शिकवतात. "बंदूक चालवायला आठवडा लागतो," आजोबा म्हणाले, "न चालवायला सहा महिने."

याचा उपयोग गोलान टेकड्यांवर ऑगस्ट २०१४ मध्ये दिसला. सीरियातल्या नुसरा गटाने फिजीच्या ४५ शांतिसैनिकांना पकडलं आणि फिलिपिन्सच्या चौक्यांना वेढा घातला. एका चौकीतल्या फिलिपिनो सैनिकांना आयरिश जवानांनी आपल्या मोवाग चिलखती गाड्यांतून बाहेर काढलं. फिजीचे जवान दोन आठवड्यांनी सुटले.

परतीच्या वाटेवर डॉनलीचं खोरं लागतं. १८१५ मध्ये डॅन डॉनली नावाच्या आयरिश मुष्टियोद्ध्याने इथे इंग्रज कूपरला हरवलं आणि तो चढ चढताना उमटलेल्या त्याच्या पावलांचे खड्डे लोकांनी आजतागायत जपले आहेत. प्रत्येक जण त्यांतच पाय टाकून चढतो, म्हणून ते टिकले. ह्यांनीही टाकले. पावलांमधलं अंतर एवढं, की तिसऱ्या खड्ड्यात पोचेपर्यंत मी आणि आजोबा हसून बेजार.

बुधवार: अ‍ॅथलोन

ह्यूस्टन स्थानकातून दीड तास. सकाळची गाडी धरा, परतीचं तिकीट आधीच काढलं तर बरंच स्वस्त पडतं. अ‍ॅथलोन शॅनन नदीवर आहे. पूल ओलांडला की किल्ला, दोन मनोऱ्यांचं चर्च आणि मागे कस्ट्यूम बॅरक्स. १६९१ च्या वेढ्यात हा पूल तोडताना पडलेल्या सार्जंट कस्ट्यूमचं नाव छावणीला आहे.

आम्ही आलो ते जादोव्हिलसाठी. कटांगातल्या या खाणीच्या गावाचं आजचं नाव लिकासी. सप्टेंबर १९६१ मध्ये कमांडंट पॅट क्विनलनची 'ए' कंपनी, जेमतेम दीडशे माणसं, तिथल्या बेल्जियन वस्तीच्या रक्षणासाठी पाठवली गेली. वस्तीला ती नकोच होती. क्विनलनला वास आला आणि त्याने आल्या आल्या खंदक खणून घेतले. १३ सप्टेंबरला संयुक्त राष्ट्रसंघाच्या फौजांनी, भारतीय ब्रिगेडियर राजांच्या नेतृत्वाखाली, कटांगाची राजधानी एलिझाबेथव्हिलमध्ये कारवाई सुरू केली आणि त्याच सकाळी जादोव्हिलमध्ये उघड्यावरच्या प्रार्थनेला उभ्या असलेल्या आयरिश जवानांवर हल्ला झाला. पाच दिवस हजारोंचा वेढा, वरून एक जेट विमान. कुमक घेऊन निघालेल्या तुकड्या लुफिरा नदीच्या पुलावर अडल्या. दुसऱ्या प्रयत्नात भारतीय गुरखेही होते. हेलिकॉप्टरने पाणी आलं ते पेट्रोलच्या डब्यांतून, पिता येईना. "शेवटच्या गोळीपर्यंत लढू. थोडी व्हिस्की मिळाली तर बरं," असा त्यांचा निरोप अजून लोक सांगतात. १७ तारखेला गोळ्या आणि पाणी संपल्यावर शरणागती. एकही आयरिश जवान मेला नाही, पाच जखमी. त्याच रात्री युद्धबंदीच्या बोलणीसाठी निघालेले संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस डाग हमरशोल्ड विमान कोसळून मरण पावले.

आणि घरी आल्यावर? शरण आलेले म्हणून 'जादोव्हिल जॅक' अशी टवाळी. क्विनलनने पदकांसाठी पाठवलेली नावं फेटाळली गेली. तो १९९७ मध्ये गेला, तोवर काहीच नाही. २००४ च्या चौकशीने जवानांना दोषमुक्त केलं, २००५ मध्ये या छावणीत स्मारक झालं, २०१६ मध्ये तुकडीचा गौरव आणि २०१७ मध्ये खास पदक. जे सगळे जिवंत आणले त्याचीच शिक्षा, असं मला तरी वाटतं. मेले असते तर ग्लासनेव्हिनला रांगेत असते.

छावणी चालू आहे, आत परवानगीशिवाय सोडत नाहीत. फाटकावरच्या शिपायाने नम्रपणे तेच सांगितलं. "भारतातून स्मारक बघायला?" त्याने दोनदा विचारलं. मग पाऊस आला आणि आम्ही समोरच्या कॅफेत. अ‍ॅपल टार्ट उत्तम, वर साय नको असेल तर आधी सांगा, नाहीतर ओततातच.

शेजारच्या टेबलावरच्या आजींचे दीर जादोव्हिलला होते. घरी कधी बोलले नाहीत. पदक आलं ते त्यांच्या मुलाच्या हाती. "त्याने कपाटात ठेवलंय. म्हणतो, बाबांना हवं होतं तेव्हा दिलं नाही," असं त्या टार्ट खात शांतपणे म्हणाल्या. मग आमचं बोलणं 'ट्रिपल लॉक'वर गेलं. बारापेक्षा जास्त सैनिक परदेशी पाठवायचे तर संयुक्त राष्ट्रसंघाची मंजुरी, सरकारचा निर्णय आणि संसदेचा ठराव, असं तिहेरी कुलूप आयर्लंडने लावून घेतलं आहे. सुरक्षा परिषदेच्या नकाराधिकारामुळे आपले हात बांधले जातात, म्हणून सरकारला पहिलं कुलूप काढायचं आहे. आजींचं मत: "काढलं की आमची पोरं कुणाच्या तरी युद्धात." त्यांच्या नातीचं मत: "रशियाने ठरवायचं का आम्ही कुठे जायचं?" दोघींचं चांगलंच जुंपलं, आम्ही बिल दिलं.

गाडीला वेळ होता म्हणून शॉन्स बारमध्ये डोकावलो. इ.स. ९०० चा असल्याचा दावा आहे, भिंतीचा जुना कुडाचा तुकडा काचेत ठेवलाय, जमिनीवर लाकडाचा भुसा. दावा खरा-खोटा काहीही असो, पावसात भिजून आलेल्याला तिथली शेकोटी पुरेशी.

जाणाऱ्यांसाठी शेवटचं: शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही, वेगळा काढावा लागतो. त्यावर ब्रिटिश-आयरिश योजनेचा शिक्का असेल तर त्याच व्हिसावर लंडनही होतं. डब्लिनमध्ये लीप कार्ड घ्या, ट्राम-बस दोन्हीला चालतं. वेळ कमी असेल तर कॉलिन्स बॅरक्स, आर्बर हिल आणि ग्लासनेव्हिन एका दिवसात बसतात. कुरा आणि अ‍ॅथलोन एकाच दिवसात कोंबू नका. आणि तिबनीनला जायचं आजोबांचं आमंत्रण आहे, पण सध्या भाचेसूनबाईंनी त्याला स्पष्ट नकाराधिकार वापरला आहे.